आवंढा

सोमवार, ९ मार्च

प्रिय अक्का,

तुला नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्यालाही, कारण तुझ्या घरात हल्ली त्याचीच सत्ता चालते असं तू मागच्या खेपेला म्हणाली होतीस. जिना चढू देतो का आता? की अजून शेजारणीकडूनच सामान मागवावं लागतं?

इकडे सगळं ठीक. ह्यांना निवृत्त होऊन हिवाळा उलटला, पण अंगातली कचेरी अजून गेलेली नाही. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसतात आणि मग कुठंच जायचं नाहीये हे त्यांच्या लक्षात येतं. सध्या घरातली कपाटं रिकामी करून नव्यानं लावायचं खूळ डोक्यात शिरलंय. काल मला माझ्याच स्वयंपाकघरात मीठ सापडेना. विचारलं तर म्हणाले, "औषधांच्या कप्प्यात आहे, रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी. म्हणजे घेताना विचार करशील." आता सांग, काय बोलायचं?

खारू मजेत आहे. जावईबापूही.

तू म्हणशील, फोन हाताशी असताना ही पत्र काय लिहीत बसली! अगं, दिवसभर कानाला तेच लावून बसायचं, घरी आल्यावर पुन्हा नको वाटतं. हे एक. दुसरं म्हणजे, फोन उचलल्या उचलल्या तू 'काय गं?' म्हणतेस. सध्या मला कुणी 'काय गं' म्हणू नये असं वाटतं.

घशात काहीतरी आहे, अक्का. बोराच्या बीएवढं. बरोबर मधोमध, खालच्या अंगाला. दुखत नाही. जेवताना तर जाणवतही नाही, घास सरळ उतरतो. पण नुसता आवंढा गिळायला जावं तर ते तिथंच असतं. गिळलं की वाटतं गेलं, आणि श्वास घ्यायच्या आत पुन्हा जागेवर. सकाळी उठल्यावर पहिलं काम काय, तर ते आहे का ते बघायचं. असतंच.

ह्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर कपाटं सोडून माझ्यामागे लागतील.

आत्याचं कसं सुरू झालं होतं गं? तू शेवटपर्यंत तिच्याजवळ होतीस, मी तेव्हा परीक्षेला बसलेली होते आणि मला कुणी काही सांगत नव्हतं. मला फक्त शेवटचं आठवतं. ती पाटीवर लिहून पाणी मागायची, ते. पण सुरुवातीला काय होतं? असंच, बीसारखं? घास अडकायचा का? आधी आवाज गेला की आधी गाठ आली? मला खरं सांग. धीर देण्यासाठी काही बदलून सांगू नकोस, तुझं खोटं मला लिहिलेलंसुद्धा ओळखू येतं.

आवाजाचं विचारते कारण तेही झालंय. माझं पोटच आवाजावर आहे. संकटात माणसं जो नंबर फिरवतात तो आमच्या हॉलमध्ये वाजतो, आणि पलीकडच्या माणसाकडे त्या वेळी माझ्या आवाजाशिवाय दुसरं काही नसतं. इतकी वर्षं मी हा आवाज सपाट ठेवत आले. पलीकडे घर जळत असो, बाई बाळंत होत असो, माझा आवाज टेबलावर ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यासारखा. नव्या मुलींना तो ऐकायला बसवतात. तर मागच्या आठवड्यात एका माणसाचा फोन आला. वडील जमिनीवर पडलेत, श्वास नाही. त्याला छाती दाबायला सांगायचं आणि ताल चुकू नये म्हणून आपण मोठ्यानं आकडे मोजायचे, एवढंच काम. मी मोजायला लागले आणि आवाज गेला. घसा कुणीतरी मुठीत धरल्यासारखा. तो माणूस ओरडतोय, "पुढे? पुढे काय?" आणि मी मासोळीसारखी तोंड उघडतेय. शेजारच्या खुर्चीवरच्या साखरबाईनं (चहात चार चमचे घालते म्हणून हे नाव) माझी लाइन आपल्याकडे ओढून घेतली आणि मोजायला लागली. म्हातारा वाचला असं नंतर कळलं. नसता वाचला तर मी हे पत्रही लिहू शकले नसते.

वरिष्ठ बाईंनी मला काही दिवस फोनवरून काढून नोंदींच्या टेबलावर बसवलंय. चांगुलपणानंच. पण हॉलमधल्या सगळ्या मुली माझ्याकडे बघायचं टाळतात, आणि मी त्यांच्याकडे.

घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. जायची भीती वाटते आणि न जायचीही. लवकर उत्तर लिही.

तुझी,
धाकटी


मंगळवार, २४ मार्च

प्रिय अक्का,

तुझं पत्र मिळालं. आत्याचं तू जसं लिहिलंस तसंच मला हवं होतं. घासच आधी अडकायला लागला होता आणि कानात कळ जायची, हे वाचून मी थोडी सावरले, कारण माझं तसं नाही. तरी ते पत्र मी चारचौघांत वाचायला नको होतं. बसमध्ये शेजारची मुलगी विचारायला लागली, "काकू, बरं वाटत नाहीये का?"

तर डॉक्टरकडे जाऊन आले.

डॉक्टरीणबाई माझ्याहून वयानं लहान, पण तोडून बोलणाऱ्या. नाकातून एक काळी, दोरीसारखी नळी घातली. तिच्या टोकाला कॅमेरा. समोरच्या पडद्यावर माझा घसा दिसायला लागला. आयुष्यभर ज्याच्यावर भाकरी कमावली ते मी पहिल्यांदाच पाहत होते. ओलं, गुलाबी, दोन पांढऱ्या पट्ट्या, मध्ये काळोख. मी त्या काळोखात गाठ शोधत होते. हात इतके थंड पडले होते की नर्सनं त्यांच्यावर टॉवेल टाकला. बाईंनी मला 'ई' म्हणायला लावलं, गिळायला लावलं, मग नळी काढली आणि म्हणाल्या, "स्वच्छ आहे."

मी म्हटलं, "पुन्हा बघा."

त्यांनी खरंच पुन्हा बघितलं. काही नाही, अक्का. गाठ नाही, फोड नाही, सूजसुद्धा नाही. तू आता हे वाचून हुश्श करशील. मीही करायला हवं होतं. पण मला उलट जास्तच भीती वाटली. तिथं काही नसेल तर मी रोज काय गिळतेय?

त्यांना तसंच विचारलं. तेव्हा त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि एका कागदावर चित्र काढून दाखवलं. स्वरयंत्राच्या मधोमध एक फट असते. श्वास घेताना ती उघडते, गिळताना बंद होते, नाहीतर पाणी फुप्फुसात जाईल. माणूस रडण्याच्या बेतात आला की शरीराला वाटतं, संकट आलं. पळायचंय किंवा लढायचंय. त्याला भरपूर हवा हवी असते, म्हणून ते ही फट ताणून सताड उघडी धरतं. छाती धडधडते तीही त्याचसाठी. आणि नेमकं त्याच वेळी आपण रडू नये म्हणून आवंढा गिळायला जातो. म्हणजे एक स्नायू दार उघडं धरतोय आणि दुसरा ते लावायला बघतोय. ती जी ओढाताण चालते ती आपल्याला गाठीसारखी लागते. डोळ्यांतलं पाणी बाहेर पडायच्या आधी आतून नाकात उतरतं, म्हणून नाक आधी वाहतं. हनुवटीत एक इवलासा स्नायू असतो, तो आपल्या ताब्यात फारसा नसतो, म्हणून कितीही दात आवळले तरी हनुवटी थरथरते.

मला हे सगळं ऐकून माहीत आहे, नुसतं ऐकून. पलीकडचा माणूस रडणार हे मला त्याच्या आधी कळतं. आवाज वर चढतो, पातळ होतो. वाक्याच्या मधेच थुंकी गिळल्याचा बारीक आवाज येतो. श्वास एकदम न येता तुकड्यातुकड्यांनी येतो. तेव्हा आम्ही त्याला लांब श्वास सोडायला लावतो, कारण एकदा बांध फुटला की पत्ता मिळत नाही.

मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "पण मी रडत नाहीये. मला रडू आलेलंही नाही."

त्या म्हणाल्या, "तेच तर. तुम्ही बराच काळ रडायच्या उंबरठ्यावर उभ्या आहात असं दिसतंय. कधीपासून आहे हे?"

आता असं विचारलं की माणसं म्हणतात, झाले दोनेक महिने, किंवा थंडीपासून. मी म्हटलं, "तेरा फेब्रुवारी. दुपारपासून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्या दिवशी काय झालं होतं?"

"काही नाही," मी म्हटलं. आणि अक्का, माझी हनुवटी थरथरायला लागली. त्यांना ती दिसली, मला दिसलं की त्यांना दिसली. मी पर्स उचलली आणि उठले. त्यांनी थांबवलं नाही. दारापाशी एवढंच म्हणाल्या की औषध लिहून देण्यासारखं काही नाही, पण परत यावंसं वाटलं तर वेळ घ्यायची गरज नाही.

शरीराला पळायचंय किंवा लढायचंय म्हणे. कुठं पळू आणि कुणाशी लढू?

तू पत्रात खारूचं दोनदा विचारलंयस. मी लिहिलं होतं की, मजेत आहे. हल्ली येणं कमी झालंय, पण लग्न झाल्यावर ते व्हायचंच. आली की छान राहते. पूर्ण बाह्यांचे कपडे तिला शोभतात. हे विचारतात, "एवढ्या उकाड्यात?" तर हसते.

हात दुखायला लागला. इथंच थांबते.

तुझी,
धाकटी


बुधवार, २५ मार्च

अक्का,

कालचं पत्र अजून पेटीत टाकलेलं नाही. हे त्याच पाकिटात घालते. आज हे बाहेर गेलेत, घरात मी एकटी आहे. दाराला आतून कडी घातलीय, का ते माहीत नाही.

तेरा फेब्रुवारीला माझी दुपारची पाळी नव्हती. एका मुलीच्या सासूला दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून तिच्या जागी मी बसले होते. हे घरात फक्त ह्यांना ठाऊक होतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर एक फोन आला. पडद्यावर नंबरच नव्हता. म्हणजे आत कार्ड नसलेला फोन. असे जुने टाकलेले फोन घरात पडून असतात, त्यांवरून दुसरीकडे कुठंच लागत नाही, पण आमच्याकडे लागतो. बहुतेक वेळा पोरं खेळत असतात. अशा फोनला उलट फोन करता येत नाही आणि जागाही नीट कळत नाही, एवढं ध्यानात ठेव.

मी नेहमीचं वाक्य म्हटलं. "बोला, मी ऐकतेय. काय मदत हवी?"

पलीकडे कुणीतरी अगदी हळू, दातांवर शब्द ठेवल्यासारखं बोललं. "मला घराबाहेर पडायचंय. तो पडू देत नाही. तुम्ही कुणाला तरी..."

मी विचारलं, "तुम्हाला लागलंय का? तो आत्ता घरात आहे का?"

पलीकडून गिळल्याचा तो बारीक आवाज आला.

अक्का, तो आवाज मी ओळखते. अंगावर पिणारी होती तेव्हापासून ओळखते. दोन्ही गालांत घास भरून बसायची म्हणून तू तिचं नाव खारू ठेवलंस. पडली, आपटली तरी ओठ घट्ट मिटून आधी असाच आवंढा गिळायची. शाळेच्या फाटकापाशी, लग्नाच्या दिवशी निघताना, तोच आवाज. हजार माणसांत ओळखेन.

तिनंही मला ओळखलं. ते मला कळलं, कारण पुढचं ती जे बोलली ते एकदम नीट, मोठ्यानं, दुकानात बोलावं तसं होतं. "माफ करा, चुकून लागला." आणि लाइन बंद.

उलट फोन करता येत नव्हता. पडद्यावर एक मोठं वर्तुळ होतं, निम्मं शहर त्यात. त्या सबंध हॉलमध्ये तिचा पत्ता मला एकटीला माहीत होता. बोटं कळांवर होती. मी पत्ता टाकला असता तर गाडी गेली असती. दार वाजलं असतं, जावईबापूंनी ते उघडलं असतं. तू त्यांचं बोलणं ऐकलंयस. औषधांच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून बोलून आवाजाला साय आलेली. त्यांनी पोलिसांना आत बसवलं असतं, पाणी दिलं असतं. ती म्हणाली असती की चुकून लागला. गाडी परत गेली असती. आणि मग दार लावून घेतल्यावर? ते माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि माझी बोटं हललीच नाहीत. पुढचा फोन वाजला. मी आधीच्या नोंदीत 'चुकून' लिहिलं आणि तो घेतला. मग पाणी प्यायला गेले तर ते उतरेना.

सुट्टी झाल्यावर तडक तिच्या घरी गेले. ह्यांना सांगितलं, बाजारात जाऊन येते. जावयांनीच दार उघडलं. "अरे वा, आई! सांगितलं असतं तर घ्यायला आलो असतो." मला चांगली खुर्ची दिली. खारूनं पाणी आणलं. पेला ठेवताना बाही वर सरकली, तिनं ती ओढून घेतली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. तिचा फोन त्यांच्या खुर्चीच्या हातावर होता, तिनं वेळ विचारली तर त्यांनी त्यात बघून सांगितली. मी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. निघताना तिला जवळ घेतलं, तर तिचं अंग लाकडासारखं झालेलं होतं. मला वाटतं, मऊ पडायला ती घाबरली.

तेव्हापासून मी रोज घाबरलेली आहे. फोन वाजला की, नाही वाजला की. नोंदींच्या टेबलावर दर सकाळी पत्ते वाचते आणि तिच्या रस्त्याचं नाव शोधते. आणि सगळ्यात जास्त काय टोचतं सांगू? परक्या बाईला तिनं सांगितलं असतं. ती सांगतच होती. माझा आवाज ऐकला आणि गप्प झाली. म्हणजे माझ्यापासूनच लपवायचं होतं तिला. असं काय केलं मी, की माझ्या मुलीनं जगात कुणालाही हाक मारावी आणि मी ओ दिली की फोन ठेवावा?

काय करू ते लिही. लगेच लिही.

धाकटी


रविवार, १९ एप्रिल

प्रिय अक्का,

तुझ्या तारेसारख्या चार ओळी मिळाल्या. 'तिला प्रश्न विचारू नकोस. त्याला काही कळू देऊ नकोस. नवऱ्याला आधी सांग. माझी मागची खोली रिकामी आहे.' त्या ओळी मी घडी करून ब्लाउजात ठेवून हिंडत होते. आता काय झालं ते क्रमानं सांगते, कारण फोनवर तुला मी फक्त 'ती इथं आहे' एवढंच सांगू शकले.

ह्यांना सांगितलं. मला वाटलं होतं ओरडतील, नाहीतर जावयाची बाजू घेतील, दोघांची बुद्धिबळाची बैठक जमायची ना. हे उठले. एक कपाट उघडं होतं त्याच्यासमोर उभे राहिले, आणि त्यांचा कंठमणी वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. मग कपाट लावलं आणि म्हणाले, "कधी जायचं?"

तो सकाळी दुकानात जातो आणि दुपारी जेवायला येतो. (आता त्याला जावईबापू म्हणणं माझ्यानं होत नाही.) म्हणून नऊ तारखेच्या गुरुवारी सकाळी गेलो. हे खाली फाटकापाशी थांबले, मी वर. चौथा मजला. मनात सगळी वाक्यं तयार होती. खारू, मी तुला न्यायला आलेय असं नाही म्हणायचं. खारू, मावशीकडे खोली आहे असं म्हणायचं.

दाराला बाहेरून कुलूप होतं.

मला वाटलं, ती कुठंतरी बाहेर गेली. बरं वाटलं क्षणभर. तरी घंटा दाबली. आतून पावलं आली आणि दाराला टेकून तिचा आवाज आला. "कोण?"

"मी."

"आई, किल्ली त्याच्याकडे असते." दूध संपलंय सांगावं इतक्या साधेपणानं.

माझी वाक्यं गेली. घशातलं ते बी एवढं वाढलं की श्वास अडकतो की काय असं झालं. मी कुलूप हातात धरलं होतं, ते गार होतं. आधी हनुवटी गेली, मग नाक, मग छातीतून हवा तुकड्यातुकड्यांनी आत यायला लागली आणि तोंडातून एक आवाज निघाला. तो आवाज मी इतक्या लोकांचा ऐकलाय, स्वतःचा कधी ऐकला नव्हता. मी जिन्यात, दाराला डोकं लावून, मोठमोठ्यानं रडायला लागले. लाज नाही, काही नाही. समोरच्या दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले.

आतून ती म्हणाली, "आई? तू रडतेयस?"

"हो."

ती म्हणाली, "त्या दिवशी फोनवर तूच होतीस ना."

"मीच होते."

"मला पहिल्या वाक्याला शंका आली, दुसऱ्याला कळलं. तोवर मी ठीक होते, आई. कोरडी होते. तुझा आवाज ओळखला आणि मला एकदम रडू यायला लागलं, थांबेचना. तो आतल्या खोलीत झोपला होता. रडण्याचा आवाज झाला असता तर जागा झाला असता. म्हणून ठेवला."

अक्का, मी दोन महिने काय काय समजत होते.

मी विचारलं, "आत्ता रडू येतंय?"

"येतंय."

"आत्ता तो नाहीये. रड."

आणि ती रडली. मी ते दाराच्या लाकडातून ऐकलं, गालाला त्याचा कंप जाणवत होता. अर्ध्या घासावर श्वास अडकला असावा तसं, लहानपणासारखं. मला तिला धरता येत नव्हतं. बऱ्याच वेळानं तिचा श्वास लांब झाला. मग मी विचारलं, "खारू, फोन करू? तू हो म्हणालीस तरच."

ती म्हणाली, "कर. पण तू थांब."

मी आमचाच नंबर लावला. साखरबाईनं उचलला. "बोला, मी ऐकतेय. काय मदत हवी?" मी पत्ता सांगितला. रस्ता, इमारत, मजला, दार, सगळं. तिनं विचारलं, "आत कोण आहे?" मी म्हटलं, "माझी मुलगी." तेव्हा तिनं मला ओळखलं. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. म्हणाली, "गाडी निघाली. लाइन बंद करू नका. खिशात ठेवा."

तेवढ्यात खालून ह्यांचा आवाज आला. नेहमीपेक्षा फार मोठा. तो लवकर आला होता. समोरच्या गृहस्थांनी सांगितलं की तो अधूनमधून असा अवेळी येऊन बघून जातो. हे फाटकात त्याला धरून उभे होते आणि रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल विचारत होते. सकाळची घ्यावी की रात्रीची, अर्धी तोडली तर चालते का, पांढरी बरी की पिवळी. ज्या माणसाला शेजाऱ्याशी दोन वाक्यं बोलताना घाम फुटतो, तो माणूस एकामागून एक गोळ्यांची नावं घेत होता. पण गोळ्या किती वेळ पुरणार? पावलं जिन्यावर आली.

"आई, तुम्ही? बाहेर का उभ्या?" तसाच हसरा. किल्ली हातात. "कुलूप सवयीनं लागलं बघा. सरका जरा, उघडतो."

मी सरकले नाही. दाराला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, "जरा थांबू."

"कुणासाठी?"

त्यानं माझं कोपर धरलं, अगदी हळुवार, म्हातारीला रस्ता ओलांडायला मदत करावी तसं. आणि मग दाबलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. अंगठा हाडाच्या आत शिरतो की काय असं वाटलं. त्या दोन-तीन श्वासांत मला तिच्या लग्नानंतरचं सगळं कळलं. मी फार घाबरले होते. पण पाय तिथंच राहिले, ते कसे ते मला ठाऊक नाही. हे धापा टाकत वर आले आणि माझ्या शेजारी दाराला पाठ लावून उभे राहिले. समोरचे म्हातारे गृहस्थही पुढे आले. म्हणाले, "मीही ऐकलंय बरं का. बऱ्याचदा." एवढंच, पण त्यानं माझं कोपर सोडलं.

मग पोलीस आले, एक बाई आणि एक माणूस. त्याला लगेच पाणी आठवलं, खुर्च्या आठवल्या. बाईंनी फक्त किल्ली मागितली.

दार उघडलं तेव्हा खारू चपला घालून उभी होती. सामान काहीच घेतलेलं नव्हतं.

तेव्हापासून ती इथं आहे. जबाब झाला, दंडांचे फोटो काढले. ते फोटो मी बघितले नाहीत, हे गेले होते तिच्याबरोबर. त्याला दोन रात्री ठेवलं आणि सोडलं. तिच्या जवळ जायला मनाई आहे, कागदावर. आता तो आपल्या भावाकडे असतो. ह्यांच्या फोनवर निरोप येतात. 'गैरसमज झालाय. तुमची तब्येत कशी आहे? तिला म्हणावं, वाट बघतोय.' एकही वाकडा शब्द नाही. पोलीस म्हणतात, यात धमकी कुठं आहे? मी वाचते आणि कोपर दुखायला लागतं.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले, वेळ न घेता. मोठं रडले तरी गाठ पूर्ण गेलेली नाही, म्हटलं. त्या म्हणाल्या, भ्यायचं कारण संपेपर्यंत राहील, तोवर शरीर चुकत नाहीये. मला ते बरं वाटलं. निदान घसा तरी माझ्याशी खरं बोलतोय.

घरात आम्ही तिघंही दाराच्या घंटेला दचकतो. हे रात्री दारामागे खुर्ची लावतात आणि सकाळी मुद्दाम लवकर उठून काढतात, आम्हाला कळू नये म्हणून. खारू फार थोडं बोलते. काल कपाट लावायला त्यांच्या मदतीला बसली होती. मीठ परत स्वयंपाकघरात आलं.

इथं राहणं बरं नाही, हे घर त्याच्या पायाखालचं आहे. येत्या शनिवारी सकाळच्या गाडीनं तिला तुझ्याकडे पाठवतेय. हे सोडायला येतील आणि दुसऱ्याच दिवशी परतील. मी येत नाही. मी घरात दिसत राहिले, रोज कामाला जाताना दिसले, तर तो समजेल की तीही इथंच आहे. पुढच्या आठवड्यापासून मला पुन्हा फोनवर बसवताहेत.

तिला खिडकीजवळची खाट दे. आत शिरताना दाराशी उभी राहून आवाज देत जा, मागून खांद्याला हात लावू नकोस. बाह्या वर कर म्हणू नकोस. तुझ्या खोलीच्या दाराची कडी आतून लागते का ते बघून घे, बाहेरची मात्र आत्ताच काढून टाक, खिळ्यांसकट. रडली तर रडू दे, तिथं कुणी जागं होणार नाही हे तिला पहिल्याच दिवशी सांग. शेजारणीला सांग की गावाकडची भाची आलीय, नाव सांगू नकोस.

आणि अक्का, एखाद दिवशी तुला एका माणसाचा फोन येईल. फार अदबीनं बोलेल. तुझ्या गुडघ्याची चौकशी करेल, कुठलं मलम बरं ते सांगेल. तुला वाटेल, काय सज्जन माणूस. तू त्याला म्हणायचं, मी इथं एकटीच राहते. तुझं खोटं मला ओळखू येतं असं मी लिहिलं होतं. त्याला येता कामा नये.

माझी मुलगी तुझ्या हाती देतेय.

तिची आई